मंगळवारची प्रत

हाप्सालूत आता आगगाडी येत नाही.
स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं दुकान:
चार्जर, काच फुटलेले फोन, कॉफी प्यायलेले कीबोर्ड.
बंद करायला दहा मिनिटं होती
तेव्हा हेल्वे आल्या, लॅपटॉप लोकरी शालीत गुंडाळून,
तापलेलं मूल आणावं तसा.

गावात कुणी गेलं की भाषण त्या करतात.
ज्यांना पाद्री नको, आणि इथे बऱ्याच जणांना नको असतो,
त्यांचं सगळं आयुष्य सव्वा पानात बसवून
कबरीपाशी उभ्याने वाचतात.
माझ्या बापाचंही त्यांनीच वाचलं.
त्याच्या दारूला त्या 'मोकळा स्वभाव' म्हणाल्या होत्या.

तर झालं असं:
फेरीबोटीवरचा मेकॅनिक आर्वेद गेला.
घाई होती. जुनी फाईल उघडली,
नाव बदललं, गाव बदललं, दोन मुलांची तीन केली,
आणि बोट सवयीने गेलं
सेव्हवर.
जुनी फाईल युलोची होती.
त्यांच्या नवऱ्याची.

"छापलेला कागद?"
"त्याच्याबरोबर दिला. कोटाच्या खिशात."
पुढे मी विचारलं नाही.

लोकांना वाटतं तसं यंत्र लगेच पुसत नाही.
दारावरची पाटी तेवढी काढतं,
खोली तशीच राहते, नवा भाडेकरू येईपर्यंत.
शिवाय न सांगता अर्ध्यामुर्ध्या प्रती
कुठल्या कुठल्या फोल्डरात दडवून ठेवतं,
खारीसारखं, आणि खारीसारखंच विसरतं.
हे मी सांगत होतो.
त्या खिडकीबाहेर बघत होत्या. खाडी गोठलेली,
कुणीतरी बर्फाला भोक पाडून
गळ सोडून बसलेलं, पाठमोरं.

"एक वाक्य बदलायचं राहून गेलं," त्या मधेच म्हणाल्या.
"काळ्या पावाला लोणी लावताना
तो कडा कधी कोरडी सोडत नसे.
ते युलोचं होतं.
वाचता वाचता कळलं, पण तोवर जीभ पुढे गेलेली.
आणि माइगे, आर्वेदची बायको,
रडता रडता मान हलवत होती.
हो, हो. अगदी."

साडेआठला एक सापडली.
नावाच्या जागी नुसते आकडे.
वार मंगळवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
"ही नसणार," त्या म्हणाल्या,
"युलो गुरुवारी गेला."
मग गप्प झाल्या.
मग म्हणाल्या, हॉस्पिटलात बाक होता एक,
कॉफीच्या मशीनशेजारी,
मशीन रात्रभर घुरघुरायचं,
आणि मला दुसरं येतं काय?

मी उघडली.
युलो हट्टी आहे.
युलो शिट्टीवर एकच धून वाजवतो, तीही चुकीची.
युलोला वाटतं, होडी यंदा रंगवून होईल.
खाली तसंच, आहे, करतो, म्हणतो,
सबंध पानात
एकही 'होता' नाही.
शेवटचं वाक्य अर्धं:
नर्स म्हणते त्याची नाडी

शेवटची प्रत मिळाली नाही. अकरापर्यंत शोधलं.
जिच्यात सगळं नीट संपवलेलं,
क्रियापदांना काळे कपडे घातलेले,
तिच्या जागेवर आर्वेद बसला होता, तिन्ही मुलांसकट.

माफ करा, म्हटलं.
पैसे नको होते. त्यांनी वीस युरो मोजून
माऊसखाली सरकवले
आणि म्हणाल्या, वेगळ्या नावाने कसं ठेवतात
ते एकदा दाखव.
दाखवलं.
रिकामी चौकट आली, आत लुकलुकती रेघ.
बराच वेळ रेघच बघत राहिल्या.
मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत:
मंगळवार.